केस वाढतात, मग लांबी का वाढत नाही? : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

वैशाखापासून या सदराकडे केसांविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आली. खानदेशात हे दिवस केसांच्या कसोटीचेच असतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, वारा कोरडा वाहतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर बसताना मोकळ्या सोडलेल्या केसांचा संध्याकाळपर्यंत गुंता झालेला असतो. सर्वच पत्रांना येथे जागा देता येत नाही. ज्या अडचणी पुन्हा पुन्हा विचारल्या गेल्या, त्यांतील काही पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : ताई, माझे वय ३१ वर्षे आहे. माझे केस गेली तीन वर्षे पाठीच्या मध्यापर्यंत येऊन थांबले आहेत, त्यापुढे बोटभरही सरकत नाहीत. शेंडे विरळ, तांबूस आणि दुतोंडी झाले आहेत. जास्वंदाचे, कांद्याचे, एरंडेल अशी अनेक तेले लावून पाहिली. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. माझ्या केसांची वाढच थांबली असेल का?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : तुमच्या केसांची वाढ थांबलेली नाही, याची खात्री तुम्हाला घरीच करून घेता येईल. तुम्ही मेंदी किंवा रंग लावत असाल, तर महिन्याभराने मुळाशी न रंगलेल्या केसांची रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजेच त्या महिन्याची वाढ. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. पाठीच्या मध्यापर्यंत पोहोचलेला केस ५० सेंटीमीटरचा धरला, तर त्याचे टोक तीन वर्षांहूनही आधी टाळूतून बाहेर आलेले असते. मुळाकडून वर्षाला १५ सेंटीमीटर केस येत असेल आणि टोकाकडून तेवढाच तुटत असेल, तर लांबी तीन वर्षे एकाच जागी दिसणार. त्यामुळे तुमचा प्रश्न वाढीचा नसून जुना केस टिकवण्याचा आहे, आणि हे एकदा लक्षात आले की उपायांची दिशाच बदलते.

कंगव्यात आलेला केस उजेडात धरून पाहा. त्याच्या एका टोकाला पांढरट, बारीक गाठीसारखे मूळ दिसले, तर तो आयुष्य संपून गळलेला केस आहे. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणे स्वाभाविक असते. मूळ नसलेले, आखूड तुकडे अधिक दिसत असतील, तर केस मधूनच तुटत आहेत. तुम्ही केलेल्या शेंड्यांच्या वर्णनावरून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. केवळ मुळासकट गळणारे केस वाढले असतील, तर मात्र कारण शरीरात शोधावे लागते.

आता केस तुटतो कसा, ते पाहू. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याच्यात रक्त खेळत नाही, त्यामुळे झालेली जखम त्याला स्वतः भरून काढता येत नाही. केळीच्या खोडावर सोपटे जशी एकावर एक चढलेली असतात, तसे केसाच्या गाभ्यावर अतिशय पातळ खवल्यांचे अनेक थर असतात. घर्षणाने, उष्णतेने, कडक रसायनांनी आणि उन्हाने हे थर झिजतात, गाभ्यातले तंतू उघडे पडतात आणि वाळलेल्या सोपटाप्रमाणे उभे चिरत जातात. यालाच आपण केसांना फाटे फुटणे म्हणतो. फुटलेला शेंडा कोणत्याही तेलाने, सीरमने किंवा महागड्या मास्कने पुन्हा जुळत नाही. कंडिशनरने तो पुढच्या धुण्यापर्यंत चिकटल्यासारखा दिसतो, एवढेच. चीर वर सरकण्याआधी तो कापणे, हा एकच खरा उपाय आहे.

म्हणून सुरुवातीला फुटलेला भाग सलून किंवा पार्लरमध्ये धारदार कात्रीने कापून घ्या. घरातल्या बोथट कात्रीने केस चिरडला जातो आणि नवा फाटा तेथूनच सुरू होतो. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी एक सेंटीमीटर कापले, तरी वर्षाच्या वाढीतले ११-१२ सेंटीमीटर तुमच्याकडे उरतात. कापल्यामुळे केस भराभर वाढतात हा समज खरा नाही. कात्रीची खबर मुळाला कळत नाही. मात्र कापल्याने तुटणे थांबते आणि शेपटी झालेली वेणी खालपर्यंत भरीव दिसते.

बोअरच्या पाण्याविषयीची तुमची शंका योग्य आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्याने बादलीला व हीटरच्या कॉइलला पांढरा थर धरतो, त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अंगाच्या साबणाने केस धुतले, तर हे क्षार आणि साबण मिळून चिकट साका तयार होतो, तो केसावर बसतो आणि केस राठ होऊन एकमेकांत अडकू लागतात. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे खवले उचलले जातात. तेव्हा केसांना अंगाचा किंवा कपड्यांचा साबण लावणे पूर्णपणे बंद करा; सौम्य शाम्पूने असा साका धरत नाही. पाणी आदल्या दिवशी चांगले उकळून, थंड झाल्यावर वरचे निवळ पाणी घेतले, तर काही प्रकारचे क्षार तळाशी बसून कमी होतात. तेवढा व्याप शक्य नसेल, तर धुणे नेहमीच्या पाण्याने करा आणि शेवटी पिण्याच्या गाळलेल्या, जारच्या किंवा पावसाच्या दोन-तीन तांबे पाण्याने केस खळखळून घ्या.

शिकेकाई आणि रिठा वापरत असाल, तर ती अवश्य वापरा, कारण त्यांतील फेसाळ द्रव्य मळ काढते. मात्र जाडसर पूड केसांवर चोळू नका. शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्याने गाळलेले पाणीच केसांवर ओता. यावल तालुक्यात माझ्या आजोळी असेच करीत, आणि गाळण्याचे ते काम लहानपणी मला निरर्थक वाटे. पुडीचे खरखरीत कण ओल्या केसांवर घासले की काय होते, हे नंतर पार्लरमध्ये भिंगाखाली केस पाहिल्यावर माझ्या लक्षात आले.

तेलाने केस लांब होतात, याला आधार नाही. पण योग्य तेलाने ते कमी तुटतात, हे खरे आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांच्याशी तुलना करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक खोबरेल तेलातच आढळला होता. म्हणून धुण्यापूर्वी तासभर किंवा आदल्या रात्री, चमचाभर तेल टाळूपेक्षा मधल्या आणि शेवटच्या भागाला हलक्या हाताने लावा. एरंडेल फार दाट असते. ते काढण्यासाठी दोन-तीन वेळा शाम्पू करावा लागतो आणि त्या खटाटोपात केस तुटतात, तेव्हा ते वापरू नये असे माझे मत आहे. कांद्याच्या रसाने टाळूला आग होत असेल, तर तोही बंद करा.

शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओले केस. पाण्याने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात, तो ताणला जातो आणि कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो. नेमक्या याच वेळी आपल्याकडे वाकून उभे राहायचे आणि पीळ दिलेल्या पंचाने केस सटासट झटकायचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. माझी आई असेच करी, मीही वीसेक वर्षे तेच केले. ती सवय आजच सोडा. मऊ, जुना सुती पंचा केसांभोवती गुंडाळून दहा मिनिटे पाणी टिपू द्या, केस सावलीत सोडून अर्धे वाळू द्या आणि मगच मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून सुरुवात करून वर वर जा. मुळापासून खाली कंगवा ओढला, की सगळे गुंते एका जागी गोळा होतात आणि तेथेच केस तुटतात. वेणीचा शेवटचा वीतभर भाग म्हणजे तीन उन्हाळे सोसलेले जुने वस्त्र आहे. आजीचे जुने लुगडे आपण जसे आपटून धूत नाही, तसेच त्याच्याशी वागायला हवे.

प्रश्न : मी धुळ्यात महाविद्यालयात शिकते. माझे केस जन्मापासून कुरळे आहेत. कोरडे असताना विंचरले की ते फुगतात, म्हणून मी रोज घट्ट बांधून ठेवते. दादाचे लग्न दोन महिन्यांवर आहे आणि घरातील सगळे म्हणतात की त्याआधी केस कायमचे सरळ करून घे. मला माझे केस मनापासून बदलायचे नाहीत, पण ते नीट कसे ठेवायचे हेही कळत नाही.
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : तुझ्या मनातले उत्तरच योग्य आहे, असे मला वाटते. केस कुरळा की सरळ, हे त्वचेतील त्याच्या मुळाच्या घडणीवर ठरते, आणि कुरळेपणा हा आजार किंवा उणीव नाही. पत्रिका आणि फोटो पाहून कुणी मुलीच्या केसांना नावे ठेवतो, तेव्हा मला फार वाईट वाटते. ‘कायमचे सरळ’ करण्याच्या प्रक्रियेत केसातील गंधकाचे मजबूत बंध रसायनाने तोडून नव्या आकारात पुन्हा बांधले जातात. तो आकार फक्त त्या वेळी डोक्यावर असलेल्या केसाचा असतो. पुढच्या महिन्यापासून मुळातून येणारा केस कुरळाच येतो. सरळ आणि कुरळ्या भागाचा सांधा हा सर्वांत कमकुवत भाग असतो, आणि सहा-आठ महिन्यांनी केस नेमके तेथे तुटू लागतात. ‘केराटिन’ या नावाने होणाऱ्या काही प्रक्रियांत गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटते आणि ती डोळ्यांना व श्वासाला घातक असते. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरलेल्या काही प्रकरणांत मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. एका लग्नासाठी एवढी जोखीम घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते.

कुरळ्या केसाला तुटण्याचा धोका अधिक असतो, कारण टाळूचे नैसर्गिक तेल वळणांवरून शेंड्यापर्यंत सहज उतरत नाही आणि प्रत्येक वळणावर केसावर थोडा ताण असतो. म्हणून तुझे नियम सरळ केसवालीपेक्षा वेगळे आहेत. कोरडे केस विंचरणे सोडून दे. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा धुताना शाम्पू टाळूलाच लाव, आणि मग मधल्या व शेवटच्या भागाला भरपूर कंडिशनर लावून, केस निसरडे असतानाच बोटांनी व मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडव. कुरळ्या केसांच्या बाबतीत ओल्या अवस्थेत, पण कंडिशनर असताना विंचरणे हेच सुरक्षित असते. मग पाणी गळत असतानाच केस ओंजळीत धरून वर दाब आणि जुन्या सुती टी-शर्टमध्ये पंधरा मिनिटे गुंडाळून ठेव. टॉवेलच्या खरबरीत धाग्यांनी कुरळ उसवते.

आकार टिकवण्यासाठी बाजारचा जेल घ्यायलाच हवा असे नाही. आपल्याकडे चटणीसाठी घराघरांत जवस असतेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळ. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे ताराळ झाले की लगेच, गरम असतानाच, मलमलीच्या फडक्यातून गाळ. थंड झाल्यावर ते गाळता येत नाही. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकते, वास आला की टाकून द्यावे. ओल्या केसांवर थोडे लावून केस हलवू नको, पूर्ण वाळू दे. वाळल्यावर केस कडक लागतील. मग हातांना थेंबभर खोबरेल लावून ते चुरगाळले की कडकपणा जातो आणि कुरळ सुटी, ठसठशीत दिसते.

लग्नात अर्धे केस मागे घेऊन मोगऱ्याचा गजरा माळलास, किंवा मानेवर सैल अंबाडा घालून दोन कुरळ्या बटा मोकळ्या ठेवल्यास, तर ज्या घडणीसाठी इतरांना तापलेला रॉड फिरवावा लागतो, ती तुला आयतीच मिळेल. हळदीच्या दिवशी केस आधीच तेल लावून वेणीत बांध, म्हणजे हळद आणि रंग चिकटणार नाहीत. घरच्यांनी अगदीच आग्रह धरला, तर त्या एका दिवसापुरते यंत्राने केस सरळ करता येतील, पण ते पूर्ण कोरडे असले पाहिजेत. ओलसर केसावर तापलेले यंत्र ठेवले, की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि केस तेथे मोडतो. यंत्राचे तापमान १८० अंशांपेक्षा कमी ठेवून एका बटेवरून एकदाच फिरवायला सांग.

प्रश्न : माझी मुलगी शहाद्याजवळ वसतिगृहात राहते. दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी बंधनकारक आहेत. तिचे कपाळावरचे केस मागे सरकल्यासारखे दिसतात, शिवाय उवाही झाल्या आहेत. काही बायकांनी रॉकेल लावायला सांगितले आहे.
– एक माता, शहादा

उत्तर : रॉकेल कदापि लावू नका. त्याने टाळू भाजते, आणि चुलीजवळ किंवा दिव्याजवळ जीवघेणी आग लागू शकते. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा आणि बारीक फणीने एकेक बट मुळापासून शेंड्यापर्यंत विंचरून फणी पांढऱ्या कापडावर पुसा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे हे करा, म्हणजे लिखांतून नव्याने निघालेल्या उवाही अंडी घालण्याआधी निघतात. खोलीतल्या सर्व मुलींचे एकाच वेळी केले नाही, तर उवा परत येतील. त्याने भागले नाही, तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

कपाळावरचे केस मागे सरकणे सततच्या ओढीमुळे होते. आता वेण्या सैल केल्या, तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली, तर मुळेच मरतात. वेणी घातल्यावर भुवया ताणल्या जात असतील किंवा टाळू दुखत असेल, तर ती घट्ट आहे असे समजावे. वेणी कानामागून, खाली सुरू करा, रिबिनीऐवजी कापडी रबर वापरा आणि रात्री वेण्या सोडून एकच सैल वेणी घाला. वॉर्डन बाईंना हे पत्र दाखवले तरी चालेल.

प्रश्न : मी रावेरला केळीच्या बागेत कामाला जाते. दिवसभर उन्हात असते. केस वरून पिंगट झाले आहेत आणि हात लावला की मोडतात.
– एक भगिनी, रावेर

उत्तर : उन्हातील अतिनील किरण केसाचा रंगही उडवतात आणि गाभ्यातली प्रथिनेही दुबळी करतात; पिंगट झालेला वरचा थर हीच त्याची खूण आहे. सकाळी निघण्यापूर्वी केसांना अगदी थोडे खोबरेल लावून सैल वेणी घाला, ती गुंडाळून आकड्यांनी बसवा आणि त्यावर सुती रुमाल किंवा पदर घट्ट न आवळता घ्या. घरी आल्यावर धूळ असलेले केस लगेच विंचरू नका, कारण ती धूळ केसांवर काचकागदासारखी घासते; आधी बोटांनी झटका. रोज शाम्पूची गरज नाही, घाम आला तर नुसत्या पाण्याने टाळू धुवा. ज्या काळ्या पिनांच्या टोकावरचे प्लास्टिक निघाले आहे, त्या आजच टाकून द्या.

प्रश्न : बाळंतपणाला चार महिने झाले. आंघोळीच्या वेळी मूठ-मूठ केस जातात. नंदुरबारच्या औषध दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू केल्या आहेत. आणखी काय करू?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. पाहताना भीती वाटते, पण बहुतेक स्त्रियांचे केस बाळ सहा महिने ते वर्षाचे होईपर्यंत भरून येतात. कपाळाशी उभे राहणारे बारीक केस दिसू लागले, की ती नवी वाढ समजावी. ते दाबण्यासाठी घट्ट बांधू नका.

लोहाच्या गोळ्यांबाबत मात्र थांबा. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली अनेक कुटुंबे आहेत. सिकलसेलमध्ये रक्त कमी असूनही शरीरात लोह पुरेसे किंवा जास्त असू शकते, आणि मग स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्यांनी अपाय होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी होते, ती आधी करून घ्या. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा, आणि गोळ्या किती व किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, तीळ आणि चालत असेल तर अंडे असू द्या, सोबत लिंबू घ्या आणि जेवणानंतर लगेच चहा पिऊ नका, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. बाळंतिणीला कमी खायला देण्याची पद्धत घरात असेल, तर केसांच्या आधी तुमच्या प्रकृतीसाठी ती मोडायला हवी.

प्रश्न : मी मुलगा आहे, तरी विचारतो. खांद्यापर्यंत केस वाढवले आहेत. भुसावळ-जळगाव रोज मोटारसायकलने जातो. मागचे केस फार तुटतात.
– एक तरुण, भुसावळ

उत्तर : पत्र लिहिलेत हे बरे केलेत, या सदरात मुलगा-मुलगी असा भेद नाही. हेल्मेटची खालची कड आणि शर्टाची कॉलर यांच्यामध्ये मानेवरचे केस रोज घासले जातात. हेल्मेट काढायचे नाही, हे आधी सांगते. आतून पातळ सॅटिनचा किंवा मऊ सुती रुमाल बांधा, केस मोकळे न सोडता मानेवर सैल बांधून कॉलरच्या आत घ्या आणि साध्या रबरबँडऐवजी कापडी रबर लावा. ओले केस हेल्मेटमध्ये कोंबू नका. सकाळी घाई होत असेल, तर केस आदल्या संध्याकाळी धुवा. बांधण्याची जागा रोज एकच ठेवली, तर तुटणेही रोज त्याच जागी होईल, तेव्हा एक दिवस थोडे वर आणि एक दिवस थोडे खाली बांधत जा.